दार लावून पूजा

"घरात आणखी कुणाला असं आहे का?" लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि मी डावा हात हळूच खिशात घातला.

माझी नऊ वर्षांची नात मंजुश्री त्यांच्यासमोर उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवत होती. डाव्या हाताची बोटं न सांगता तेच करत होती.

"पोटात बाळ वाढतं तेव्हा मेंदूतून मज्जातंतू निघतात," डॉक्टर म्हणाले. "वाटेवरची रसायनं त्यांना खुणावतात, इकडे या, तिकडे जाऊ नका. मेंदूच्या एका बाजूचे तंतू ओलांडून दुसऱ्या बाजूच्या हाताकडे जातात. हिच्या काही तंतूंना ती खूण कळली नाही, ते दोन्हीकडे गेले. एका हाताचा हुकूम दोन्ही हातांना पोचतो. आईच्या वागण्यानं हे होत नाही. रक्तातून येतं, कधी एखादी पिढी वगळून."

आईच्या वागण्यानं! लिंगदीक्षेच्या दिवशी मंजुश्रीनं उजव्या हातानं विभूती उचलली, तशी डाव्या हाताची बोटंही हलली आणि त्या तळहातावर पूजेला घेतलेलं इष्टलिंग खाली पडलं. निलंग्यातल्या साऱ्या सोयऱ्यांसमोर मी सुनेला म्हणालो होतो, "पोटुशी असताना नेम पाळला न्हाई, त्याचं फळ हाय हे." तेव्हापासून महानंदा देवघरात पाऊल टाकत नव्हती.

आणि मी? चाळीस वर्षं दार लावून पूजा करतो. लोक म्हणतात, सिद्रामप्पांची एकाग्रता मोठी. एकाग्रता कसली, चोराच्या मनात चांदणं.

"माज्याच माहेराकडून आलं असंल," महानंदा खाली मान घालून म्हणाली. "तसंच लिहा, साहेब."

डॉक्टरांनी पेन उचललं. माझी मलाच इतकी लाज वाटली, की बसवेना.

"थांबा. सून लटकं बोलायलीय." मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्याची बोटं अंगठ्याला टेकवली. डाव्याचीही टेकली.

"आबा, तुमचंबी माज्यावानीच!" मंजुश्री खुदकन हसली. महानंदानं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी देवघराचं दार सताड उघडं टाकून मी मंजुश्रीला घेऊन पूजेला बसलो. महानंदा उंबऱ्याशी थबकली, मग आत आली. इष्टलिंग निसटलं तरी खाली पडू नये म्हणून घडी घातलेला पंचा तिनं लेकीच्या तळहाताखाली ठेवला. थोडं थांबून दुसरा माझ्या हाताखाली ठेवला.

"चुकलं माजं, महानंदा."

"पूजा करा, मामा," ती म्हणाली. "पोरीला शाळा हाय."