उतरत्या खांद्याची बाटली

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांचे हात शाबूत होते. दगा दिला तो डोळ्यांनी. नजरेचा मधला भाग पुसला गेला होता. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. बाटलीची कड दिसे, लेबल म्हणजे नुसता धुरकट चौकोन.

लेकीने आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली आणि एका संध्याकाळी विषय काढला.

"बाबा, एकट्याने किती दिवस रेटणार? चला आता माझ्याकडे."

"का? मला काय धाड भरलीय?"

"मागच्या रविवारी मामाच्या ग्लासात काय ओतलंत? व्हिनेगर."

"त्याला फरक कळला का?"

"बाबा!"

मामा म्हणजे डॉक्टरांचा मेहुणा. त्याने ते व्हिनेगर निम्मं संपवून वाइन जरा तरुण आहे, असा शेरा मारला होता. पण लेक हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच अट घातली. येत्या रविवारी दोघांनी जेवायला यायचं. ज्याला जी वाइन हवी ती मागायची. डॉक्टर ती कोणाला न विचारता आणून, उघडून, ओतून देणार. जमलं, तर खोलीचा विषय बंद. नाही जमलं, तर गाठोडं बांधून लेकीकडे.

बोलून बसले खरे. पण कपाटातल्या सगळ्या बाटल्या एकाच अंगाच्या होत्या. सरळ पोट, चौकोनी खांदे. बायको होती तोवर लेबलं ती वाचायची, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आता लाल कोणती, पांढरी कोणती, कशाचाच पत्ता लागेना. दोन दिवस चाचपडल्यावर डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या आणि नवा साठा करायला दुकान गाठलं.

दुकानाच्या मालकीणबाईंची अक्कलदाढ त्यांनीच काढली होती. बाई गालाला हात लावूनच स्वागताला आल्या.

"कसल्या वाइन देऊ, डॉक्टर?"

"तऱ्हेतऱ्हेच्या. पण आधी बाटल्या हातात द्या."

डॉक्टर एकेका बाटलीच्या मानेवरून, खांद्यावरून, बुडाच्या खळग्यातून बोटं फिरवू लागले. हिरडी तपासावी तशी.

"ठोकून पण बघा," त्या म्हणाल्या. "कलिंगड घेतात तसं."

"किडलेली निघाली तर काढून द्यावी लागेल."

मग डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं आणि बाई कामाला लागल्या. चौकोनी खांद्यांच्या बाटलीत दणकट लाल. उंच, सडपातळ, जवळजवळ खांदेच नसलेलीत हलकी, किंचित गोडसर. जाड काचेची आणि तारेने बूच आवळलेली ती फसफसणारी, तिच्यात चूक होणंच शक्य नाही. बुटकी, मानेशी फुगीर, ती जेवणानंतरची कडक गोड. आणि खांदे मानेपासून अलगद उतरत गेलेली, तिच्यात डॉक्टरांची लाडकी पांढरी.

"याच बाटलीत एक सुरेख लाल आहे," बाई म्हणाल्या. "घेऊन बघा."

"नको. या अंगाची एकच."

"म्हणजे वाइन चांगली असून नापास?"

"बाटलीत नापास."

घरी लाल आणि गोड कपाटात गेल्या, बाकीच्या फ्रीजमध्ये. रविवारपर्यंत डॉक्टर डोळे मिटून त्या काढत-ठेवत राहिले. एकदाही चुकले नाहीत.

रविवारी मेहुणा आधी आला. स्वयंपाकघरात डोकावला, मग टेबलाशी ऐसपैस बसला आणि म्हणाला, "भाऊजी, आपल्याला लाल. व्हिनेगर नको, मागच्या वेळी पोटभर झालं." डॉक्टरांनी चौकोनी खांद्यांची आणली, उघडली, ग्लासाच्या काठावर बोट टेकवून बरोब्बर ओतली. लेक आली. तिने पांढरी मागितली. डॉक्टर आत गेले, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात उतरते खांदे हाताला लागले, बाटली गार होती. टेबलाशी येऊन त्यांनी बूच काढलं आणि सवयीने नाकाशी नेलं.

वास चेरीचा होता. ही लाल होती.

बाटली हातात धरून ते क्षणभर थांबले. लेक त्यांच्याचकडे बघत होती, तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता.

"ही ती नव्हे," डॉक्टर म्हणाले. "ही लाल आहे."

"अरे, ती मी आणलेली!" मेहुणा म्हणाला. "येताना फ्रीजमध्ये टाकली. थोडी गार केली की बरी लागते."

"मामा, तू पण ना!"

"मला काय ठाऊक इथे परीक्षा चाललीय? मला नुसतं जेवायला बोलावलं होतं."

लेकीने हातातला रिकामा ग्लास खाली ठेवला. "बाबा, यात तुमची चूक नाही, मान्य. पण घर म्हटलं की कोणीतरी काहीतरी इकडचं तिकडे करणारच. कोणी गॅसचं बटण अर्धवट सोडून गेलं, तर? तेही हुंगून कळणार आहे?"

"गॅस हुंगूनच कळतो. तुला डोळ्यांनी दिसतो का?"

मेहुणा हसला, आणि कोणीच हसत नाही हे बघून थांबला.

"ओतण्याआधी पकडली," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तेवढं मला जमतं. बाकीचं तू ठरव. तुझी पांढरी राहिलीय, ती घेऊन येतो."

ते आत गेले. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बाटलीवर बाटली आदळल्याचा. लेक खुर्चीतून अर्धी उठली. मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं. ती परत बसली.

डॉक्टरांनी बूच काढलं, हुंगलं, काठावर बोट टेकवून ओतलं. लेकीने घोट घेतला.

"हीच," ती म्हणाली, आणि मामाला ताटं पुढे सरकवायला सांगितली. खोलीचा विषय त्या दुपारी निघाला नाही.