शिवणीतला पांढरा केस

"हा कोणाचा?"

मुकादम बार्ब्ये यांनी चिमटीत धरलेला केस खिडकीच्या उजेडात उंच केला. खरं तर विचारायची गरज नव्हती. शिवणखात्यात पांढऱ्या डोक्याची बाई एकच होती. तरी सगळ्या पोरींनी माना खाली घातल्या आणि लेओंतीन मेर्सिये सुई टाचण्यांच्या गादीत टोचून उभी राहिली.

"माझा, मस्यू बार्ब्ये."

"गळून पडलेला नाही हा. चांगला ताणून, शिवणीच्या आत दुमडीत घातलाय."

"घातलाच आहे."

"कशासाठी?"

लेओंतीनने एप्रनची सुरकुती सरळ केली. बायकांच्या शिवणघरातल्या काही गोष्टी पुरुषांना ठाऊक नसतात, आणि त्या सांगायची वेळ कधी येईल असं कोणाला वाटलेलंही नसतं. शेवटी तिच्या शेजारची ओदील पुटपुटली, "लग्नाच्या झग्यात घालतात, मस्यू. शिवणारीने आपला एक केस काठात शिवला की वर्षाच्या आत तिला नवरा मिळतो."

"विमानाच्या पंखात नवरा शोधताय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. कारण खिडकीबाहेर अंगणात ते विमान हातगाडीवर पडलेलं होतं. मोडलेल्या काठ्या, लोंबकळणाऱ्या तारा आणि त्यांच्यात अडकलेलं मळकं पांढरं कापड. रविवारी सकाळी पॅरिसबाहेरच्या इसीच्या मैदानावर ते पॉपलरच्या झाडांत कोसळलं होतं. उडवणारा आंसेल्म फोव्हेल इस्पितळात होता. वाचला होता, एवढंच सोमवारी सकाळपर्यंत कारखान्याला कळलं होतं.

"उजव्या पंखाची मागची शिवण टोकापासून टोकापर्यंत उघडी पडलीय," बार्ब्ये म्हणाले. "दुसरी एकही नाही. फक्त केसवाली. तिथे खळ धरली नसेल, टाका सरकला असेल, मला काय माहीत. पण मालक विचारणार, तेव्हा मी त्यांना नवऱ्याची गोष्ट सांगू का?"

ते दुष्ट नव्हते. घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस सोपं उत्तर हाताशी आलं की सोडत नाही. "तुम्ही घरी जा, मादमोआझेल. बोलावणं आलं तर या," असं त्यांनी मान वळवून सांगितलं.

लेओंतीनने अंगुस्तान आणि कात्री एप्रनच्या खिशात टाकली. अंगणातून जाताना ती त्या ढिगाऱ्याच्या बाजूने गेली, पण जवळ जायचा, कापडाला हात लावायचा तिला धीर झाला नाही.

पन्नाशी उलटली तरी ती मादमोआझेलच होती, बिनलग्नाची. पोर होती तेव्हापासून पॅरिसमधल्या एका मोठ्या दुकानात नवरीचे झगे शिवत आली. पहिल्या झग्यात तिने केस घातला तो काळाभोर होता, आणि घालताना ती लाजली होती. मग केस घालत राहिली. बरोबरच्या मुलींची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, एकीची मुलगीही तिच्या हाताखाली शिवायला आली. लेओंतीनचा केस पिकला आणि पांढऱ्या कापडात आता तो दिसेनासा झाला, एवढाच काय तो तिचा फायदा. पुढे पुढे ती काही मागतही नव्हती. शेवटचा हात आला की बोटं आपसूक कानामागच्या केसाकडे जात.

मग एक दिवस त्या दुकानाच्या बाईंनी तिची बोटं हातात घेऊन पाहिली. बोटांना चिरा पडल्या होत्या आणि रेशमाचे धागे त्यांत अडकून निघत. बाई गोड बोलल्या, पण दार दाखवलंच. त्या हिवाळ्यात लेओंतीनने उशांचे अभ्रे शिवून दिवस काढले. तेवढ्यात प्युतोच्या नदीकाठच्या एका कारखान्यात हातशिलाईवाल्या बायका हव्यात असं कानावर आलं. तिथे बार्ब्ये यांनी तिच्यापुढे मोठाच्या मोठा पंख टाकला. तोही अभ्राच होता, लाकडी सांगाड्यावर चढवून मागच्या काठाने शिवून बंद करायचा. कापड जाड सुती. चिरलेल्या बोटांशी त्याचं भांडण नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी ती वाटेतल्या चर्चमध्ये शिरली आणि मेणबत्ती लावून आली. एवढं पांढरं कापड देवाने परत तिच्या मांडीवर घातलं होतं, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानायला ती विसरणारी नव्हती.

त्याच कापडाने माणूस मारायचा घाट घातला होता. की तिनेच?

दोन दिवस ती खोलीत बसून राहिली. कामाची चिंता होतीच, पण ती दुसरी होती. पहिली ही, की आपल्या हाताने एक माणूस आभाळातून खाली आला. बुधवारी दुपारी तिने टोपी घातली, बाजारातून कागदाच्या पुडीत चेरी घेतल्या आणि इस्पितळ गाठलं.

आंसेल्म फोव्हेल लांबलचक माणूस होता, पलंगाला पुरत नव्हता. एक पाय फळीत बांधून दोरीने टांगलेला. पूर्वी त्याचं सायकलींचं दुकान होतं, आणि अजून तो दुकानदारासारखाच समोरच्याला बारकाईने पाहून बोलायचा.

"मादाम?"

"मादमोआझेल," ती म्हणाली. "लेओंतीन मेर्सिये. तुमच्या विमानाचा पंख मी शिवला होता."

"कुठला? उजवा की डावा?"

तिने पुडी घट्ट धरली. "उजवा."

"मग बसा. डावा असता तर चेरी ठेवून जा म्हटलं असतं. तो मेला सगळ्यात आधी मोडला."

त्याने तिच्या हातातली पुडी घेतली आणि एक चेरी तोंडात टाकली. ती बसली नाही. बसून हे बोलता येणार नाही असं तिला वाटलं. उभ्यानेच तिने सगळं सांगून टाकलं: नवरीच्या झग्यांतली ती सवय, केस, दुमड, उघडी पडलेली शिवण, बार्ब्ये काय म्हणाले ते. "मी माफी मागायला आलेय, मस्यू फोव्हेल. तुम्ही हवं तर मालकांना लिहा. माझं काही म्हणणं नाही."

फोव्हेलने तोंडातली चेरीची बी हळूच काढून बशीत ठेवली.

"शिवण उसवली म्हणून मी पडलो, असं बार्ब्ये म्हणतोय?"

"उघडी पडलीय ना ती. टोकापासून टोकापर्यंत."

"अहो, ती मी उघडायला लावली." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "इंजिन गप्प बसलं. झाडांच्या शेंड्यावर असताना. डावा पंख खोडावर आपटला, खलास. उजवा फांद्यांत पसरला आणि मी त्याच्या कापडात पडलो. झोळीत पोर घालतात ना, तसा. खाली दोन मजले मोकळी हवा. मी वर बघतोय, ती शिवण माझ्या नाकासमोर. म्हटलं, ही गेली की आपण गेलो. बंबवाले शिडी घेऊन येईपर्यंत मी त्या शिवणीशिवाय दुसरीकडे पाहिलं नाही."

"मग?"

"मग त्यांनी मला दोरीने बांधलं आणि एकाने कापड फाडायला सुरा काढला. कापड नवंकोरं, हो. मी ओरडलो, अरे बाबा, कापड नको कापू, महाग आहे, शिवणीवरून उसव. पाय मोडलेला, लटकतोय, आणि कापडाची काळजी. दुकानदाराची जात." तो हसायला गेला आणि पाय दुखल्याने थांबला. "त्या बार्ब्येने धाग्यांची टोकं तरी पाहायची होती. सुऱ्याने कापलेत ते. ओढ खाऊन तुटलेला एक सापडला तर मी दुसरा पाय मोडून घेईन."

आता मात्र लेओंतीन बसली. खुर्ची कुठे आहे हे न बघता बसली, नशिबाने ती जागेवर होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं ते टोपीच्या फितीने पुसायला गेली आणि फीत सुटून हातात आली.

"माझ्या कंजूषपणाने तुमचं काम घालवलं," फोव्हेल म्हणाला. "बार्ब्ये आज संध्याकाळी येतोय. येऊ दे, बघतो त्याला."

"फार बोलू नका त्यांना. चांगले आहेत ते."

"बरं, थोडंच बोलतो." त्याने पुडी तिच्यापुढे धरली. तिने एक चेरी घेतली.

"एक सांगा," तो म्हणाला. "तो केस. पंख वापरणाऱ्यासाठी असतो की शिवणारीसाठी?"

"शिवणारीसाठी."

"मग माझ्या पंखात काय मागितलंत?"

"काही नाही. मागायचं कधीच सोडलं. हाताला सवय आहे."

"पण ज्या एवढ्या नवरीमुलींचे झगे शिवलेत, त्यांपैकी कोणी कधी..." त्याला नीट शब्द सापडेना. "म्हणजे, झगा चांगला झाला, असं कोणी सांगायला आली?"

लेओंतीनने खरोखर विचार केला. "नाही. झगा दारातून बाहेर गेला की गेला. बरा निघाला का, नाचताना कुठे उसवला का, काही कळत नाही. परत येतात त्या फक्त तक्रारी."

फोव्हेलने कोपरांवर भार देऊन स्वतःला वर ओढलं. त्याला ते सोपं नव्हतं. डोक्यावर टोपी असती तर त्याने काढली असती. "मग मी सांगतो. मादमोआझेल मेर्सिये, तुमची शिवण टिकली. मी आज चेरी खातोय ते त्यामुळे. मी तुमचा फार आभारी आहे."

याला काय उत्तर द्यायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. ती उठली, त्याची चादर विनाकारण सारखी केली, आणि "ऐकून बरं वाटलं" असं काहीतरी म्हणून बाहेर आली. नदीवरच्या पुलापर्यंत ती चालत गेली. आज तिच्यावर कोणाची मेहरबानी झाली म्हणायची हे तिला ठरवता येईना, देवाची, त्या लांबट माणसाची की त्या जाड सुती कापडाची. सगळ्यांचेच आभार मानले, म्हणजे कोणी राहायला नको.

दुसऱ्या दिवशी ओदील सकाळीच दारात. कारखान्यातल्या पोरी लेओंतीनला आत्याच म्हणत. "चला आत्या, मुकादमांनी तुमचं स्टूल स्वतः पुसून ठेवलंय. कारखान्यात कोणाचा विश्वास बसत नाहीये."

बार्ब्ये यांनी नवं कापड तिच्या मांडीवर ठेवलं, दोनदा घसा साफ केला. "धाग्यांची टोकं मी पाहायला हवी होती," ते शेवटी म्हणाले. आणि जाता जाता, "केस घालणार असाल तर एकच. त्याहून जास्त वजन मी मान्य करणार नाही."

उन्हाळा सरता सरता नवं विमान तयार झालं. एका रविवारी बार्ब्ये शिवणखात्याला मैदानावर घेऊन गेले. बायकांनी ठेवणीतल्या टोप्या घातल्या होत्या. फोव्हेल काठी टेकत, पाय ओढत विमानापर्यंत आला. काठी मदतनिसाच्या हाती दिली, वर चढला. तो पाय आता असाच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

इंजिन सुरू झालं आणि गवत आडवं झालं. सगळे फोव्हेलकडे पाहत होते. ती उजव्या पंखाच्या मागच्या काठाकडे पाहत होती. विमान धावू लागलं. मैदान उंचसखल होतं, तो काठ खाली वर होत होता, गवताला लागेल की काय असं वाटत होतं.

"आत्या," ओदील हळूच म्हणाली, "हे काय करताय?"

लेओंतीनचे दोन्ही हात पुढे आले होते, कमरेशी, तळवे वर. नवरी दुकानाच्या पायऱ्या उतरून गाडीत बसायची तेव्हा झग्याचा मागचा घोळ जमिनीला लागू नये म्हणून शिवणारी तो असा धरून मागून जाते. नवरी एकदा आत बसली की तो सोडायचा असतो, आणि गाडीकडे न बघता परत वर यायचं असतं.

चाकं गवतावरून उठली. पंख तिच्या डोक्यापेक्षा उंच गेला, मग झाडांपेक्षा. लोक टोप्या उडवत होते. लेओंतीनने हात सोडले आणि ते विमान दिसेनासं होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.