बाजेचा ताण

कृष्णातने बाजेची लाकडं एकेक करून अंगण दुभागणाऱ्या दगडी गडग्यावरून पलीकडे फेकली. शेवटचं लाकूड थोरल्या भावाच्या, पलटणीतून हवालदार होऊन परतलेल्या हंबीररावाच्या, पायाशी आपटलं. ते चुकून तिथं पडलं, असं मानायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं.

"आई, त्येला सांग," हंबीरराव दाराशी बसलेल्या म्हातारीकडे बघत म्हणाला, "हितं माणूस हुबा हाय."

"आई, त्येला सांग," गडग्यापलीकडून आवाज आला, "पलटणीत येवढं चुकवाय बी शिकीवलं न्हाई व्हय?"

बनुबाईने कुणालाच काही सांगितलं नाही. वाटणी झाल्यापासून दोन्ही लेक तिच्यामार्फतच बोलत. निरोप पोचवायची गरज नसायची. दोघांनाही तो आधीच ऐकू गेलेला असायचा.

वाटणीत जमीन, विहीर, बैल यांचं सरळ झालं होतं. अडलं ते बापाच्या बाजेपाशी. बाज आपल्याला मिळावी यापेक्षा ती दुसऱ्याला मिळू नये, हा दोघांचा हट्ट. शेवटी कंटाळलेल्या पंचांनी न्याय केला: शिसवी कातीव पाय थोरल्याला, चौकटीची लाकडं धाकट्याला. दोघं समाधानाने उठले. पुढे हंबीररावाच्या चंद्राबाईने बाजेच्या एका पायाने दार अडवलं, दुसऱ्याने मिरच्या कांडल्या. कृष्णातच्या सुलाबाईने चौकटीवर कांदे पसरले. आईला कापता येईना म्हणून तिची वाटणी महिन्यांवर झाली. महिना सरला की तिचं बोचकं गडग्यावरून पलीकडे जाई आणि ती स्वतः रस्त्याने वळसा घालून जाई.

उन्हाळ्यात ती न्हाणीत पडली. आता भुईवरून उठबस नको, असं आष्ट्याच्या डॉक्टरांनी बजावलं. हंबीरराव लोखंडी खाट आणायला निघाला. ते कळताच कृष्णातही निघाला. कधी काही न मागणारी म्हातारी तेव्हा बोलली.

"मला तुमच्या बाची बाज पायजे. न्हाईतर भुई बरी."

म्हणूनच कृष्णातने चौकटीची लाकडं गडग्यावरून फेकली होती. सुताराने पाय आणि चौकट एकमेकांत बसवून दिली. राहिली वीण. ती एकट्याने होत नाही. एकाने दोरी खालून काढून द्यायची, समोरच्याने ताणून धरायची. बाप होता तेव्हा हे दोघंच समोरासमोर बसत. गडी लावू म्हटल्यावर बनुबाईने नुसती मान आडवी हलवली. मग वाटणीनंतर पहिल्यांदाच कृष्णात हंबीररावाच्या सोप्यात आला. काथ्याची दोरी त्याने आणली होती. भावजयीने पुढे केलेल्या तांब्याकडे त्याने बघितलंही नाही.

"आई, त्येला म्हनावं, खालून घे."

"आई, त्येला म्हनावं, मला कळतंय."

चार ओळी अशा झाल्या. मग दोरी निसटली, वीण ढिली पडायला लागली आणि हंबीरराव ओरडला,

"वढ की रं!"

हे आईमार्फत सांगायला सवडच नव्हती.

"वढतोय न्हवं! तूच सोडलीस," कृष्णात म्हणाला. मग दोघांनी इतकं ओढलं, की समोरचा तोंडावर पडावा एवढीच इच्छा त्यात होती. बाज हलगीसारखी वाजायला लागली. पायथ्याशी ताणाच्या दोऱ्या आवळून हंबीररावाने पलटणीतली गाठ मारली.

"ही देवाच्या बाला बी सुटायची न्हाई."

"दिसंलच की हवालदार."

दिसायला फार दिवस लागले नाहीत. बाजेला झोळ पडला. "सैल झालीया रं," बनुबाई म्हणाली आणि दोघांना बोलावणं गेलं. थोरल्याने दोरीला नावं ठेवली, धाकट्याने गाठीला. भांडत ओढली, भांडत बांधली. पुन्हा झोळ पडला. पुन्हा बोलावणं. कृष्णात आला की आधी त्याचा आवाज यायचा, मग तो.

"बाज हाय का भांडनाचा आखाडा?" चंद्राबाई चुलीपाशी भांडी आदळत म्हणाली. "सासूबाई, तुमाला झोप तरी कशी लागती ह्या कालव्यात?"

खरंच लागायची. दोघं डोक्यावर ओरडत असले की म्हातारी डोळे मिटून घ्यायची. ते दमून गप्प झाले की उघडायची.

त्या दिवशी ती भिंतीशी टेकून बसली होती. दोर सोडायला हंबीरराव पायथ्याशी वाकला आणि तसाच राहिला. गाठ त्याची नव्हती. एका ओढीत सुटणारी, वासराच्या दाव्याला मारतात तसली गाठ होती ती. या घरात वासरं बांधायचं काम एकीच्याच हातात होतं.

त्याने मान वळवली. बनुबाईने हात पदराखाली घेतले.

"आई, हात बगू."

"कशाला? गार पडल्यात."

तरी एक अंगठा बाहेर राहिला होता. नख उललं होतं आणि त्यात काथ्याची कूस अडकली होती.

"काय बगताय, हवालदार?" समोरून कृष्णात हसला. "देवाच्या बाला सुटायची नव्हती न्हवं? सुटली की!"

हंबीररावाने दोर ताणला. गाठ पायथ्याच्या मधोमध मारायची सोडून बाजेच्या कडेला, बसल्या जागेवरून म्हातारीचा हात पोचेल अशी घेतली. मारली ती वासराचीच. दोरीचं टोकही लांब ठेवलं.

मग कंबर धरून उठला आणि घर दणाणेल असा कडाडला.

"काथ्याच सडका आनलाय तू! चार दिसांत परत सैल पडंल. तवा निमंत्रन धाडाय लावू नगंस. आपनहून यायचं."

"येतो की," कृष्णातही तेवढ्याच जोरात ओरडला. "तुला काय भितो व्हय?"

बनुबाई बाजेवर आडवी झाली आणि तिने डोळे मिटून घेतले.