कनाल रस्त्यावरचा फ्रेड

त्या उन्हाळ्यात आमचे हेरन्स चोवीसपैकी एकोणीस सामने हरले होते आणि त्यांचा कॅचर माझ्याच घरात राहत होता.

हेरन म्हणजे बगळा; हेरन्स हा आमच्या गावचा बेसबॉलचा संघ. आमचं काल्डर फेरी गाव ओहायो नदीच्या काठावर आहे, म्हणून संघाचं नाव तसं. त्या वर्षी ते खेळतही तसेच होते, एका पायावर उभं राहून पाण्याकडे बघत असल्यासारखे. मी काचेच्या कारखान्यात भट्टीवर एकतीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला, त्यातली माणसं पांगली, पण पहिल्या बेसच्या मागे चौथ्या रांगेतली माझी खुर्ची मी सोडली नाही. तिथे बसून मी खूप आरडाओरडा केलाय आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. त्या उन्हाळ्यापर्यंत.

आमच्यासारख्या लहान लीगमधले खेळाडू मोसमभर गावातल्या कुणाच्या तरी घरी राहतात. मुली लग्न होऊन गेल्या, वरची खोली रिकामी होती, म्हणून माझी बायको व्हर्ना म्हणाली, आपणही एकाला ठेवून घेऊ. मला वाटलं, एखादा पोरगेला विशीतला गडी येईल. आला टोबियस किरोगा. वय तेहेतीस, न्यू मेक्सिकोचा, कानाशी केस पांढरे व्हायला लागलेले, गुडघे वाकवताना आवाज करणारे. सहा वर्षांची मुलगी गावी तिच्या आजीपाशी होती. येताना त्यानं वाळवलेल्या लाल मिरच्यांची माळ आणली होती. पहिल्याच रविवारी व्हर्नानं माझ्या आईच्या पद्धतीचे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या केल्या, तर त्यानं त्यावर मिरचीचं कालवण ओतलं. माझी आई स्वर्गात नक्की उठून बसली असेल. व्हर्नाला मात्र ते इतकं आवडलं, की पुढे ती स्वतःच मागायला लागली.

माणूस म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. ताट स्वतः धुवायचा. मला "मिस्टर के" म्हणायचा, कारण कोझारेक हे आडनाव त्याच्या जिभेला जमायचं नाही. सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात बसायचा आणि उजव्या खांद्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी बांधायचा. एकदा मी पाहिलं, दुधाचा कॅन फ्रीजमधून काढताना त्यानं डावा हात पुढे केला. उजवा छातीच्या वर जातच नव्हता.

"कधीपासून हे?" मी विचारलं.

"मे महिन्यापासून." तो दाराकडे बघून हळूच म्हणाला, "मिस्टर के, हे घरातच राहू द्या. मॅनेजरला कळलं तर मला त्याच दिवशी काढतील. एवढा एक मोसम पुरा करू द्या. पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार आहे?"

"माझ्याकडून चकार शब्द जाणार नाही," मी म्हणालो. मटारची दुसरी पिशवीही मीच काढून दिली.

मला खरंच तसं वाटत होतं. पण घरात कळवळा येणारा मी आणि मैदानावर चौथ्या रांगेत बसणारा मी, हे जणू दोन वेगळे गृहस्थ होते. समोरच्या संघाला टोबियसचा हात कळून चुकला होता. पिचरनं चेंडू टाकला, की पहिल्या बेसवरचा त्यांचा गडी दुसऱ्या बेसकडे सुसाट पळत सुटायचा. अशा वेळी फलंदाजामागे चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरनं जागेवरून उठून बाणासारखा चेंडू दुसऱ्या बेसवर फेकायचा असतो. टोबियसचा चेंडू टप्पे खात, वाटेत सगळ्यांची विचारपूस करत जायचा. तोवर पळणारा गडी पोचून पँट झटकत उभा असायचा.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी मार्लोशी सामना होता. मार्लो नदीपलीकडचं गाव, आमचं जुनं वैर. आम्ही सहा-चारनं पुढे होतो. मी उभा राहून घसा फोडत होतो. आठव्या डावात मार्लोनं असंच पळून दोन बेस चोरले आणि एक धाव काढली. नवव्यात टोबियसनं चेंडू दुसऱ्या बेसवरच्या आमच्या गड्याच्या डोक्यावरून थेट मागच्या गवतात फेकला आणि त्यांचे दोन गडी धावत घरच्या बेसवर पोचले, दोन धावा. सात-सहा. संपलं.

माझ्या शेजारी ऑरव्हिल बसतो. टपाल वाटायचा, आता निवृत्त. तो मागच्या दोन्ही रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय रे लेलँड, जेवायला घालता की नाही पाहुण्याला? का उपाशीच पाठवता?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "व्हर्नाला घ्या त्याच्या जागी, ती बरी फेकेल!" पुन्हा हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. त्या दिवशी हरला टोबियस आणि अपमान माझा झाला, असं मला वाटलं. आता लिहिताना कळतं की हा विचार किती कोता होता. तेव्हा तो अगदी न्यायाचा वाटत होता.

सोमवारी दुपारी बाराला आमच्या गावच्या रेडिओवर मर्ल डगनचा कार्यक्रम असतो. लोक फोन करतात आणि हेरन्सना शिव्या घालतात. व्हर्ना केस सेट करायला गेली होती. टोबियस मैदानावर होता. मी गॅरेजमध्ये गेलो, गवत कापायच्या यंत्रावर बसलो आणि फोन लावला. आवाज जाड केला. नाव विचारलं, तर म्हणालो, "फ्रेड. कनाल रस्त्यावरून."

"बोला फ्रेड!"

मी बोललो. आमच्या कॅचरपेक्षा टपाल खातं लवकर पोचवतं, असं म्हणालो. मर्ल खोखो हसला. ते हसू ऐकलं आणि मला चेव चढला. बगळ्यांनी त्याच्या जागी एखादी कुंडी ठेवावी म्हणालो, निदान ती चेंडू फेकायला जाणार नाही. मर्ल म्हणाला, "पण फ्रेड, हा माणूस एकेकाळी चांगला होता हो. झालं काय त्याला?"

आणि मी म्हणालो, "होणार काय? खांदा गेलाय त्याचा. दुधाचा कॅन उचलता येत नाही त्या हातानं. रोज सकाळी मटार बांधून बसतो आणि मॅनेजरपासून लपवतो. विचारा त्याला."

मर्लचं हसणं थांबलं. मग आवाज बदलून म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

मी फोन ठेवला. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत होता. माझ्या तोंडातून काय गेलं ते मला तेव्हा कळलं, पण फोन पुन्हा लावून परत थोडंच घेता येतं?

मी स्वयंपाकघरात येऊन बसलो आणि वीस मिनिटांत व्हर्ना आली. डोक्याला रोलर्स तसेच, त्यावर रुमाल बांधलेला. गाडीचं दार तिनं बंदसुद्धा केलं नव्हतं.

"सलूनमध्ये रेडिओ चालू होता," ती म्हणाली. "सगळ्याजणी पोट धरून हसल्या. लोरेटा म्हणाली, हा फ्रेड कोण गं, मोठा मजेशीर आहे."

मी खुर्ची मागे सरकवली.

"चाळीस वर्षं ऐकतेय मी तुझा आवाज, लेलँड. नाक दाबून बोलला असतास तरी ओळखला असता." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "त्यानं तुला काय केलं होतं रे?"

मी बाहेर जाऊन तिच्या गाडीचं दार लावलं.

मंगळवारी सकाळी संघाच्या डॉक्टरनं टोबियसला तपासलं. खांद्यातला स्नायू अर्ध्याहून जास्त फाटलेला निघाला. दुपारपर्यंत त्याला संघातून मोकळं केलं. तो घरी आला, व्हर्नाला मिठी मारली आणि वर जाऊन सामान भरायला लागला. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"रेडिओला गसनंच सांगितलं," तो कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाला. गस म्हणजे संघाचा मालिशवाला, खेळाडूंचे दुखरे हातपाय सांभाळणारा. "मटारचं वगैरे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघं सोडून. सहा वर्षांची ओळख, मिस्टर के. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आला होता तो. काल सगळ्यांदेखत मी त्याला नाही नाही ते बोललो. आईबापसुद्धा काढले. तो शपथा घेत होता, मी ऐकून घेतलं नाही."

व्हर्ना जिन्याच्या खालून माझ्याकडे बघत होती. ती सांगणार नव्हती. ते काम तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं.

बस स्टँड चाळीस मिनिटांवर. मी त्याला सोडायला निघालो. वाटेत मक्याची शेतं, मग जुना पूल, मग पुन्हा मका. पुलापर्यंत सांगीन, असं मी ठरवलं होतं. पूल गेला. टोबियस मुलीबद्दल बोलत होता. तिला पोहायला शिकवायचं आहे, आता वेळच वेळ आहे म्हणाला. मग म्हणाला, "तुमच्या घरासारखं घर मला कुठे मिळालं नव्हतं. बाकीच्या ठिकाणी नुसती खोली असते."

मी गाडी कडेला घेतली. शेताच्या तोंडाशी, फाटकाजवळ.

"गस नव्हता," मी म्हणालो. "मी होतो. तो फ्रेड मी आहे."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू हळूहळू गेलं.

"तुम्ही?"

"हो."

"मटारची पिशवी तुम्हीच काढून द्यायचात."

"हो."

"मग का?"

मी म्हणालो, "आपण हरत होतो. लोक मला हसले." एवढंच कारण होतं. मोठ्यानं म्हटल्यावर ते इतकं लहान निघालं, की मला माझीच शिसारी आली.

त्यानं समोरच्या काचेकडे तोंड वळवलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, "काढणार तर होतेच मला. आज नाही तर पुढच्या महिन्यात. त्याचं नाही एवढं. पण मी गसला काय काय बोललो, ते माझ्या तोंडून गेलं. तुमच्यामुळे गेलं." मग म्हणाला, "चला. बस चुकेल."

उरलेली पंधरा मिनिटं तो खिडकीतून मका बघत होता. स्टँडवर त्यानं बॅगा डाव्या हातानं काढल्या. मी पुढे झालो, तर मान हलवून नको म्हणाला. हात मिळवला नाही.

परत येताना मी थेट मैदानावर गेलो. गस पट्ट्या गुंडाळत बसला होता. साठीचा, बुटका, जाड भिंगांचा चष्मा. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, पट्टी गुंडाळायची थांबला नाही.

"मला का सांगताय?" तो म्हणाला. "त्याला सांगा."

"त्याला सांगितलं."

"मग झालं तर." चष्मा काढून त्यानं पुसला. "रात्रभर मी विचार करत होतो, चुकून माझ्याच तोंडून तर कुठे गेलं नसेल ना. वय झालं की माणसाला स्वतःची खात्री राहत नाही. बरं केलंत, आलात. आता जा."

पुढे जे झालं त्यानं मला जास्त त्रास दिला. नवा कॅचर आला, लांब हातांचा, चपळ, आणि हेरन्स जिंकायला लागले. अकरापैकी आठ. गावात फ्रेडचा जयजयकार सुरू झाला. मर्ल माझ्या त्या फोनचं रेकॉर्डिंग दर सोमवारी ऐकवायचा. कुणी पुठ्ठ्यावर लिहून आणलं, "फ्रेडला मॅनेजर करा." ऑरव्हिल माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "कोण का असेना, पठ्ठ्यानं काम केलं बघ!" डॉक्टरांच्या हवाल्यानं कुणीतरी असंही सांगितलं, की तसाच खेळत राहिला असता तर हात कायमचा गेला असता, म्हणजे फ्रेडनं उपकारच केले. हे मी दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पटेना. गॅरेजमध्ये बसून बोलताना त्याच्या हाताची काळजी माझ्या मनात कुठे होती? मला फक्त मर्लला आणखी एकदा हसवायचं होतं.

एका सोमवारी मर्लला फोन केला आणि तो फोन ऐकवणं बंद करा म्हणालो.

"अहो, तोच तर लोकांना आवडतो! आपण कोण बोलताय?"

माझं नाव ओठांवर आलं होतं. कोझारेक, मेपल रस्ता. एवढंच म्हणायचं होतं. मी फोन ठेवला. म्हणजे व्हर्ना आणि गस सोडून गावात अजून कुणाला माहीत नाही. ऑगस्टमध्ये मी मैदानावर जाणं सोडलं. गुडघे दुखतात, असं ऑरव्हिलला सांगितलं. तेही खोटंच.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे टर्की खायच्या सणाच्या आदल्या दुपारी, फोन वाजला. व्हर्नानं घेतला आणि तिचा चेहरा फुलला. बराच वेळ ती शस्त्रक्रियेबद्दल, मुलीबद्दल, मिरचीच्या कालवणात लसूण किती घालायचा त्याबद्दल बोलत होती. मग तिनं रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं हात मागे घेतला नाही.

"मिस्टर के," टोबियस म्हणाला.

"हात कसा आहे?"

"वर जातो आता. कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत." "गसशी बोललो. मी माफी मागितली, तर तोच रडायला लागला. म्हणाला, तुम्ही त्याच दिवशी येऊन सांगून गेलात."

"हो."

"ते बरं केलंत. पण तुमच्यावरचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. जाईल असं व्हर्ना म्हणते. मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो. "जायलाच हवा असं काही नाही, टोबियस."

पलीकडे त्याची मुलगी कशासाठी तरी त्याला हाका मारत होती. "येतो गं," तो तिला म्हणाला. मग मला म्हणाला, "नाताळला पुन्हा फोन करीन. व्हर्नाला." आणि ठेवला.

व्हर्नानं विचारलं, काय म्हणाला. मी सांगितलं, हात वर जातो म्हणाला. ती पुन्हा बटाटे सोलायला लागली. मीही एक सुरी घेतली आणि तिच्याशेजारी बसलो.