शेवटचा निळा कप

मी एक जुना कप आहे. कॉफीचा, जाड कानाचा, निळा. ओठाजवळ तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला आहे, पण तो फक्त डावखुऱ्यांना टोचतो, त्यामुळे तक्रार करणारे फारसे नाहीत. तुम्ही म्हणाल, कपाला कसले आले आत्मवृत्त? भरला, रिकामा केला, विसळला. तेही खरेच आहे. पण मित्रांनो, मी नुसती कॉफी धरलेली नाही. मी मते धरली आहेत.

माझा जन्म ओहायो नदीकाठच्या एका भट्टीतला. पांढऱ्या मातीचा लगदा, मग साचा, मग दोनदा भाजणे. तिथून पेंढ्यात गुंडाळून आम्हाला मिनेसोटातल्या एल्म फोर्क गावी पाठवले. तिथल्या कॅफेच्या ऑर्लिन स्टाविगने बहात्तर पांढरे कप मागवले होते. खोके उघडले तर चोवीस पांढरे, चोवीस लाल आणि चोवीस निळे. त्याने एक सुस्कारा सोडला आणि तिन्ही रंग भिंतीवरच्या फळीला खुंट्या ठोकून टांगले. परत पाठवणे त्याला जमण्यासारखे नव्हते. इकडची माणसे तक्रारीचे एक पत्र लिहिण्यापेक्षा बारा वर्षे गैरसोय सोसतील. आणि वर म्हणतील, तसं काही वाईट नाही.

त्याच वर्षी मध्यावधी निवडणूक होती. राष्ट्राध्यक्षाची चार वर्षे निम्मी सरली की ही येते. त्याचे नाव मतपत्रिकेवर नसते, पण लोकांच्या मनात तोच असतो. डिझेल महागले, अंडी महागली, सोयाबीनचे भाव पडले, की लोक त्याच्या पक्षाच्या कुणाला तरी पकडून राग काढतात. तर त्या ऑक्टोबरात एक शेतकरी फळीसमोर उभा राहून म्हणाला, "मला आज लाल दे, ऑर्लिन. मी रिपब्लिकन." मागचा डेमोक्रॅट म्हणाला, "मग मला निळा. याच्याबरोबर मोजला जायला नको." तिसऱ्याने मुकाट्याने पांढरा घेतला. त्याचे काही ठरले नव्हते, किंवा ठरलेले सांगायचे नव्हते.

झाले, प्रथा पडली. निवडणुकीआधीचे सहा बुधवार, सकाळी सहा ते दहा. माणशी एक कप, आपला आपण खुंटीवरून काढायचा. कितीही वेळा कॉफी घ्या, कप तोच. दहापर्यंत एकही कप धुवायचा नाही. उष्टे कप रंगानुसार ट्रेमध्ये रचायचे, दहाला मोजायचे आणि आकडा खडूने पाटीवर. गुरुवारी तो गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर. निळे एकोणीस, लाल वीस, पांढरे पाच, असे काहीतरी यायचे, आणि निवडणुकीचा निकाल त्याच्या दोन-तीन बोटे इकडेतिकडे लागायचा. शहरातल्या जनमत चाचणीच्या कंपन्या नऊशे लोकांना फोन करून हेच विचारत. आमचे लोक हसत. "फोनवर माणूस काहीही सांगतो," ते म्हणत. "कप सगळ्यांदेखत हातात धरावा लागतो."

मलाही ते पटे. आपले कौतुक कुणाला पटत नाही?

ती माझी सुखाची वर्षे. मी बँकेच्या बाईंच्या हातात गेलो, पाद्रीबुवांच्या गेलो. पाद्रीबुवा एका बुधवारी निळा आणि पुढच्या बुधवारी लाल घेत, म्हणजे कुणीच चर्च सोडू नये. मी सगळ्यांचा हिशेब ठेवला. जो सर्वांत मोठ्याने राजकारण बोलतो तो पांढरा घेतो, हे मी दुसऱ्याच वर्षी टिपले.

मग ऑर्लिन गेला आणि कॅफे त्याची मुलगी लवॉन चालवू लागली. एका हिवाळ्यात मागच्या पायरीवरच्या बर्फावरून ती घसरली. हातात निळ्या कपांचा ट्रे. तिचे मनगट मोडले आणि माझी तेरा भावंडे. पुढे एका मयताच्या जेवणाला चर्चने कप उसने नेले, त्यातून दोन परत आले नाहीत. उरलो आम्ही नऊ. ओहायोतली भट्टी एव्हाना बंद पडली होती. लवॉनने रिकाम्या खुंट्यांवर एप्रन आणि दिनदर्शिका अडकवली. फळी पुन्हा भरलेली दिसू लागली.

आता इथल्या एका रीतीबद्दल सांगतो, ती ठाऊक नसली तर पुढचे कळणार नाही. काउंटरवर लोण्या-साखरेच्या चौकोनी वड्यांचे ताट असते. शेवटची वडी कुणी उचलत नाही. कुणीतरी तिचा अर्धा तुकडा कापून घेतो. दुसरा उरलेल्याचा अर्धा. दुपारपर्यंत ताटात बोटाच्या पेराएवढा तुकडा उरतो आणि तोही लवॉनच्या कुत्र्याला जातो. शेवटचे उचलणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडचे काढणे. वडीचा अर्धा तुकडा करता येतो. कपाचा येत नाही.

त्यानंतरच्या शरद ऋतूत राज्याच्या विधानसभेच्या जागेसाठी गावातलेच दोघे उभे होते. रिपब्लिकनांकडून ग्लेन ब्रेक्के, बियाण्यांचा विक्रेता, भला माणूस, हसला की टेबल हलते. डेमोक्रॅटांकडून आर्लिस रिंडाल. तिने सव्वीस वर्षे शाळेची बस चालवली होती. निम्मे मतदार तिच्या बसमध्ये कधी ना कधी ओकले होते. जिल्ह्याच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला होता आणि तो पुन्हा उघडायचा, एवढ्यासाठी ती उभी होती. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्यावर बर्फातून सत्तर मैल न्यावे लागले होते, आणि गाडी आर्लिसच चालवत होती. उन्हाळ्यापासून ती दुखऱ्या गुडघ्याने दारोदार फिरत होती.

पहिला बुधवार. निळे आठ, लाल वीस, पांढरे पंधरा.

दुसरा बुधवार. निळे आठ, लाल एकवीस, पांढरे पंधरा.

तिसरा. निळे आठ.

साप्ताहिकाचा संपादक ड्वेन क्वाम भारावून गेला. "ही लाट नव्हे, ओहोटीही नव्हे," त्याने लिहिले. "हा आठाचा आकडा खडकासारखा पक्का आहे." त्याच आठवड्यात शहरातल्या कंपनीच्या फोन-चाचणीने सांगितले की लढत अटीतटीची आहे. कॅफेत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी पक्षाने आर्लिसचे स्वयंसेवक उचलून शेजारच्या मतदारसंघात पाठवले. ग्लेनने दारे ठोठावणे थांबवले आणि हरणांच्या शिकारीसाठी रायफल पुसायला काढली, कारण शिकारीचा पहिला शनिवार निवडणुकीच्या तोंडावर आला होता.

मित्रांनो, मला सगळे दिसत होते. दर बुधवारी आठ भावंडे कॉफी पिऊन यायची आणि मी खुंटीवर कोरडा. माणूस यायचा, हात माझ्याकडे यायचा, थांबायचा, मग शेजारी वळायचा. मी मनातल्या मनात मोजत होतो. पहिल्या बुधवारी पाच हात, दुसऱ्या बुधवारी सहा, तिसऱ्या बुधवारी नऊ. पण खुंटीवरून ओरडण्याची सोय भट्टीत करून देत नाहीत.

चौथ्या बुधवारी साडेनऊला आर्लिस आली. काउंटरवर कोपरे टेकून उभी राहिली.

"काय गं, आज कुठली गल्ली?" लवॉनने विचारले.

"कुठलीच नाही. बास झालं. दहा वाजता पक्षाच्या ऑफिसात फोन करते आणि सांगते, पूर्वेकडची तीनशे दारं आता कुणी दुसऱ्यानं वाजवा, नाहीतर राहू द्या."

"अगं, मतपत्रिकेवर नाव छापून गेलंय तुझं."

"नावाला काय, नाव बसून असतं. चालावं मला लागतं. आठ माणसांसाठी गुडघा कुठवर झिजवू? त्या आठांना मी घरी बोलावून जेवायला घालीन, ते स्वस्त पडेल."

ती हसली, पण पाटीकडे न बघता. मग फळीपाशी आली. तिचा हात सवयीने माझ्याकडे आला. बोटे माझ्या कानाला लागली. क्षणभर थांबली. आणि तिने पांढरा कप काढला.

कोपऱ्यातून ग्लेनने पाहिले. "आर्लिस! तुझंसुद्धा अजून ठरलं नाही? मग ये की माझ्याकडे!"

सगळे हसले. आर्लिस लाजून लाल झाली. "ठरलंय रे बाबा. पण तो शेवटचा आहे. मागून कुणी आलं तर?"

हसणे तिथेच तुटले. मग खिडकीपाशी व्हर्लिन ओये खाकरला. वय एकोणऐंशी, जन्मभराचा रिपब्लिकन. त्याची चारही मुले आर्लिसच्या बसने शाळेत गेली होती.

"तसं म्हणशील तर मीसुद्धा," तो आपल्या कपाला म्हणाला. "तीन बुधवार झाले."

"काय तीन बुधवार?" लवॉनने विचारले.

"निळा घ्यायला जातो. एकच असतो. म्हटलं, असू दे कुणाला तरी."

"म्हणून लाल घेतलास?"

"लाल भरपूर होते."

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मेव्हिसबाईंनी हात अर्धा वर केला. "मी पांढरा घेत आले. शेवटचा निळा उचलला असता तर घरी जाऊन झोप लागली नसती हो मला."

"आज आणखी कोण कोण?" लवॉनने विचारले. "हात वर करा. लाजू नका."

दहा हात वर झाले. अकरावा ड्वेन संपादकाचा होता, आणि त्याने तो लगेच डोके खाजवायला वळवला.

"पण शेवटचा तर दर वेळी उरत होता!" तो म्हणाला. "कमी पडले असते तर संपले असते की!"

"मीही त्याच्यावरच गेले," लवॉन हताश होऊन म्हणाली. "दर बुधवारी बघायचे, एक शिल्लक आहे, म्हणजे पुरतायत."

"खडकासारखा आकडा," व्हर्लिन म्हणाला. "छान लिहिलं होतंस, ड्वेन. माझ्या बायकोने कापून ठेवलंय."

मग ग्लेन ब्रेक्के उठला. एवढा मोठा माणूस, पण टेबलांमधून सावकाश आला. त्याने मला खुंटीवरून काढले, आतली धूळ फुंकली, कॉफी ओतली आणि आर्लिससमोर धरले.

"घे."

"नको रे. आहे हा."

"घे गं."

"अरे, तुमच्यातल्या कुणाला लागला तर?"

"आमच्यातल्या कुणाला हा लागू नये, एवढी तरी आशा ठेवू दे मला. घे."

तीनदा आग्रह झाला, आता घेणे शोभत होते. तिने मला दोन्ही हातांत धरले. चार बुधवारांनंतर माझ्यात ऊब आली. मित्रांनो, या कॉफीला मत म्हणून कुणी मोजले नाही, आणि मला त्याचे काही वाटले नाही.

दहा वाजले. आर्लिसने घड्याळाकडे पाहिले, भिंतीवरच्या फोनकडे पाहिले. मग कॉफी संपवली, कोट चढवला आणि लंगडत बाहेर पडली. तिची गाडी पूर्वेकडे वळताना सगळ्यांनी पाहिली.

"मग हरणांचं काय?" व्हर्लिनने ग्लेनला विचारले.

"राहिली हरणं," ग्लेन म्हणाला. "तिची तीनशे दारं उरलीत. मी तर आठवडाभर एकही वाजवलेलं नाही." आणि टोपी विसरूनच गेला.

लवॉनने पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले : आम्हाला माहीत नाही. ड्वेनने ते तसेच छापले. एवढी खरी बातमी त्याने वर्षभरात छापली नव्हती, असे मेव्हिसबाई म्हणाल्या. पुढचे दोन बुधवार कप मोजलेच नाहीत.

मंगळवारी मतदान झाले. बुधवारी सकाळी आर्लिस आली. निकाल सगळ्यांनी रेडिओवर ऐकला होता. ग्लेन निवडून आला होता, एकाहत्तर मतांनी.

"वाईट झालं गं," लवॉन म्हणाली.

"तसं काही वाईट नाही," आर्लिस म्हणाली. मग खिशातून एक चिठ्ठी काढून तिने चष्मा लावला, जणू आकडा पाठ नव्हता. "आठ हजार आठशे तीन." तिने ते पुन्हा वाचले, हळू. "लवॉन, मी आठ समजून घरी बसणार होते."

ग्लेन तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला होता. "त्यातली तीनशे तरी पूर्वेकडची," तो म्हणाला. "मी गेलो तिथे, तर लोक म्हणतात, आर्लिस आताच येऊन गेली. एकीने मला बसवून तुझ्या सुनेची सगळी गोष्ट ऐकवली. सत्तर मैल, बर्फ, सगळं. दुसरीने पण तीच. सहाव्या दारापर्यंत मला पाठ झाली."

"मग?"

"मग काय. तो बाळंतपणाचा विभाग आता माझ्या गळ्यात पडलाय. कुठे, कुणाला भेटायचं, काय मागायचं, तू लिहून दे."

"लिहून कशाला? सोमवारी येते तुझ्याबरोबर. गाडी मी चालवीन."

लवॉनने दोघांचे कप भरले. कुठले रंग होते, ते त्या दिवशी मीही टिपले नाही.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे आणि मागणे थोडे आहे. लोकांच्या मनात काय आहे ते जरूर विचारा, पण आधी खुंटीवरचे कप मोजून घ्या. लोकांना हात पुढे करायला जागा ठेवा. आणि तुम्हाला कुणी विचारलेच, तर भिडेने शेजारच्या खुंटीकडे वळू नका. मागून येणाऱ्यासाठी म्हणून ठेवलेला कप मागून येणाराही उचलत नाही. तो माणूसही तुमच्यासारखाच भला असतो.