धाकूचा टाक

पाट लावून आणलेल्या विधवा सुनेला रीत म्हणून ठाऊक नव्हती. अजून सासरचा उंबरा ओलांडला नाही, आणि तुळसा टेंभी नाक्याला महिपत सोनाराच्या ओट्यावर सासूच्या आधी जाऊन बसलेली. आवडाबाई ओटा चढतानाच तिला दोन शब्द सुनावून मोकळी झाली.

आवडाबाईच्या लेकाची, नाथाची, पहिली बायको हौसा बाळंतपणात गेली. मेलेली सवत नव्या बाईला सुखाने नांदू देत नाही. म्हणून तिची छबी ठोकलेला सोन्याचा टाक घडवायचा आणि नवीने तो गळ्यात बांधायचा. टाक बांधल्याशिवाय घरात पाऊल नाही, असं आवडाबाईने बजावलं होतं. त्यासाठी हौसाचीच कर्णफुलं आटवायला दिली होती.

महिपतने सोन्याचा पत्रा मऊ राळेवर बसवून मागून बारीक ठोके घातले, मग सोडवून उलटा केला. हात जोडून, पदर घेऊन हौसा उभी. आवडाबाईला भरून आलं. तिने नाक शिंकरलं.

तेवढ्यात महिपतने शेजारी दुसरा टाक ठेवला. पागोटं, मिशा, हातात वल्हं.

"हा कोण मेला?"

महिपतने तुळसेकडे बोट केलं आणि भात्याकडे तोंड फिरवलं.

"माझा पहिला घरवाला," तुळसा म्हणाली. "माझ्या बुगड्या मोडून केला. तुमच्या लेकाच्या गळ्यात बांधायला."

आवडाबाईने तो टाक दूर सारला. खाडीत बुडालेला तिचा नवरा धाकू, आणि तिच्या नाथाच्या गळ्यात! पुरुषाने बायकोचा मेलेला नवरा मिरवायचा? गावातली पोरं त्याला जगू देतील? महिपतही पुटपुटला, की जन्मभर सवती ठोकल्या, पण याला काय म्हणतात तेसुद्धा त्याला ठाऊक नाही.

तुळसेचा आवाज चढला नाही. "हौसाबाय गरीब होती म्हणता, तरी तिचं भय धरलंत. हा तर तापट होता, आये. हा कुणावर डूख धरील?"

नाथा रोज त्याच खाडीच्या बांधावर मीठ ओढायला जात होता. सगळं भय आवडाबाईने सुनेसाठी धरलं, आणि लेक तसाच उघडा सोडला. मग दोन्ही टाक उचलून तिने पदरात बांधले.

"तुळसे, तू बेशरम आहेस, आणि खरी आहेस. नाथाच्या गळ्यात मी स्वतः बांधीन. पण काळ्या दोऱ्यात, सदऱ्याच्या आत. गावात कुणाला दिसला, तर आधी तुझी जीभ हासडीन. ऊठ आता, घरी चल."