एका पायाचा स्टँड

"तीन पाय काय करायचेत? मला काय टेबल मांडायचंय?" हे माझ्या कानाशी पुटपुटले. समोर दुकानातली मुलगी ट्रायपॉड उघडून उभी होती. तिला ऐकू जाऊ नये एवढी सभ्यता ह्यांच्यात अजून शाबूत आहे. चिडचिड सगळी बायकोच्या वाट्याला.

ह्यांची मोठी लेन्स तान्ह्या पोराएवढी जड. तळ्याकाठी पक्षी येईपर्यंत ती सांभाळत बसायचं तर खाली तीन पाय हवेतच. एवढं तर मलाही कळतं, ह्यांच्या मागे पिशवी धरून फिरण्यात माझी सगळी शाळा झाली. मुलगी तेच सांगत होती, अगदी गोडीनं. पण ह्यांना मोनोपॉड हवा होता. एका पायाचा, लांबट, वर स्पंजची पकड.

"काका, कॅमेरा लावून बघा ना," ती म्हणाली.

ह्यांनी पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही. खालचं रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं, नळ्या आत सारून उंची कमरेपाशी आणली आणि काचेच्या कपाटांमधून दुकानाच्या पार टोकापर्यंत चालून आले. फोटो काढणारं माणूस स्टँडची उंची डोळ्याशी मापतं, कमरेशी नाही. मी दिराकडे पाहिलं. गाडीतून आम्हाला आणलं त्यानंच, आणि वाटेत "वहिनी, दादाला हलकंच बरं पडेल," हेही तोच म्हणाला होता. आता तो वरच्या पंख्याकडे बघत होता.

माझं डोकं तापलं. वर्षभर आमच्या घरात हेच चाललंय. हे बाथरूममध्ये पडले, तर दोष साबणाचा. जिन्यात मध्येच बसून राहिले, तर बल्ब मंद. तळ्यावर जाणं बंद झालं, तर म्हणे हल्ली उजेडच चांगला पडत नाही. सूर्यालाही सोडलं नाही ह्यांनी. डॉक्टरांनी काठीचं नाव काढलं, तर डॉक्टर बदलला. तेव्हापासून तो शब्द आमच्याकडे शिवीसारखा झालाय. मुलगा फोनवर विचारतो, बाबा कसे आहेत, की आम्ही सगळे एका सुरात सांगतो, मजेत.

मुलीलाही काय ते कळलं असावं. ती हळूच म्हणाली, "काका, ह्याच्यावर आपला भार टाकायचा नाही हं. ही जोडणी कॅमेऱ्यापुरती असते. माणूस टेकला की नळी आत सरकते."

"कोण टेकतंय?" हे म्हणाले. टेकूनच म्हणाले.

मला तळ्याचा तो उतार दिसायला लागला, शेवाळलेले दगड, आणि सरकलेल्या नळीमागोमाग पाण्यात गेलेले हे आणि लेन्स. संताप संताप झाला. पंखा न्याहाळणाऱ्या दिराचा, त्या मुलीच्या गोडव्याचा आणि सगळ्यात जास्त त्या चकचकीत नळीचा, जी काठी नव्हती म्हणून ह्यांची लाडकी झाली होती. 

"हाच बांधून द्या," म्हणत हे काउंटरकडे वळले. वळताना सगळं अंग त्या नळीवर गेलं. ती सर्रकन आत सरकली आणि ह्यांचा खांदा कपाटावर आपटला. दिरानं धरलं म्हणून खाली गेले नाहीत. आम्ही त्यांना स्टुलावर बसवलं.

"तुमची फरशी फारच गुळगुळीत आहे हो," दीर मुलीवर घसरला.

"हो, आत्ताच पुसलीय," बिचारीनं तेही पदरात घेतलं.

मी दोष चपलेवर ढकलला. मी म्हणून टाकलं की ही चप्पल झिजलीय, केव्हाची बदला म्हणतेय.

हे खाली मान घालून ऐकत होते. मांडीवरची नळी बाहेर ओढत होते, आत सारत होते. मग त्यांनी ती काचेवर ठेवून दिली, थोडी जोरातच.

"पुरे झालं तुमचं. फरशी चांगली आहे, चप्पल चांगली आहे. माझा डावा पाय उचलत नाही. त्या पोरीला तो तीन पायांचा बांधायला सांगा, आणि इथून आधी मला काठी घ्यायला घेऊन चला."